दिवेलागणीची सुई

१

केशर सिस्टरला रक्ताची भीती कधी वाटली नाही. तिला रक्ताचा राग यायचा. एकदा वाहायला लागलं की ते कुणाचं ऐकत नाही, हा तो राग. बारा वर्षांची असताना तिने तो धरला आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत सोडला नाही. म्हणूनच रक्त गोठवणाऱ्या नव्या औषधाची तपासणी नगरला होणार, तिथे नर्स पाहिजे, असं कानावर आलं तेव्हा तिने दवाखान्यात बिनपगारी रजा टाकली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन नाव दिलं.

एकाहत्तर साल होतं. मार्गशीर्ष नुकता लागला होता. केडगावच्या अलीकडे, पुणे रस्त्यापासून जरा आत, बंद पडलेलं एक वसतिगृह औषध कंपनीने भाड्याने घेतलं होतं. त्यातला लांब हॉल म्हणजे वॉर्ड. आठ लोखंडी खाटा, पश्चिमेला चार उंच खिडक्या, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात माठ, भिंतीवर लंबकाचं घड्याळ. खाटांवर आठ धडधाकट माणसं. आजाऱ्याला औषध देण्याआधी ते निरोग्याला सोसतं का हे बघावं लागतं, त्यासाठी ही आठ. बारा दिवस आवाराबाहेर पाय ठेवायचा नाही, अशा कागदावर त्यांनी अंगठे उठवले होते. बारा दिवस पुरे करणाऱ्याला नागापूरच्या नव्या कारखान्यात कायमचं काम, असं तोंडी ठरलं होतं. सलग दुसरं कोरडं साल. पाथर्डीकडची माणसं तर दोन वेळच्या दुधावरसुद्धा आली असती.

आठांतला एक केशरचा धाकटा भाऊ होता, बन्सी. त्याला तिनेच आणलं होतं. आई त्याच्या बाळंतपणात रक्त जाऊन गेली. तेव्हापासून त्याची आई केशरच. तो बावीस वर्षांचा झाला, मिसरूड फुटून जुनं झालं, तरी त्याला ताप आला की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. कंपनीचे डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हे औषध साधलं तर बाळंतिणी वाचतील, सीमेवर जखमी होणारे जवान वाचतील." जवानांचं केशरला बरं वाटलं. बाळंतिणींचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तपासणी साधी होती. कानाच्या पाळीला बारीक सुई टोचायची. थेंब आला की दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाची कड त्याला लावायची. थेंबाला, कातडीला नाही. कागदावर लाल डाग उठतात. पहिला चवलीच्या नाण्याएवढा, मग हरभऱ्याएवढा, मग मुगाएवढा, मग बाजरीएवढा. मग काहीच नाही. डाग मोजले की कळतं, रक्त किती वेळात थांबलं. केशर मोजायची ते बापाच्या पद्धतीने. खळ्यावर धान्य मापताना तिचे वडील पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. "लाभ, दोन, तीन," असं ती पुटपुटायची, आणि बन्सी हसायचा.

"आक्का, माजं रगत काय ज्वारी हाय व्हय?"

"गप बस. मान हलवू नको."

घोटाळा झाला तो पहिल्याच दिवशी, दुपारी तक्ता वाचून दाखवताना. तक्त्यावर लिहिलेलं होतं: साडेपाचला औषधाच्या आधीची तपासणी, सहाला औषधाची सुई, सातला नंतरची तपासणी. मार्गशीर्षातले सहा म्हणजे नेमकी दिवेलागण. सूर्यभान म्हणून चाळिशीचा ऊसतोड्या होता, आठांत थोरला. त्याने दंडावरची बाही खाली ओढली.

"बाई, दिवेलागनीला सुई न्हाई. घरातली सुई त्या वक्ताला कुनी शेजाऱ्याला देत न्हाई. मीठ न्हाई, इरजान न्हाई, सुई न्हाई. आन तुमी तर अंगात घालाय निगाल्या."

बाकीच्या सातांनी बाह्या खाली घेतल्या. बन्सीनेसुद्धा.

एखादी शहरातली नर्स हसली असती, नाहीतर रागावली असती. केशरला दोन्ही जमलं नाही. बावीस वर्षांपूर्वी अशाच तिन्हीसांजेला शेजारच्या रतनकाकू उसवलेली चोळी घेऊन दारात आल्या होत्या, सुई मागत. आई आत अवघडून पडली होती. बारा वर्षांच्या केशरने कोनाड्यातली सुई काढून दिली. तासाभरात आईला कळा सुरू झाल्या. सुईचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, हे केशरने पुढे पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं, लोकांना समजावलं. पण तिने स्वतः आजवर दिवेलागणीला सुई कुणाच्या हातावर ठेवली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "उद्यापासून काय, आजपासूनच. सहाच्या आधी देते. ऊन असताना. मग तर झालं?"

सहाच्या नंतर देता येत नव्हतं, कारण सव्वासहाला डॉक्टर यायचे आणि सातची तपासणी डोळ्यांसमोर करून घ्यायचे. कान टोचायच्या सुया आणि टिपकागद साडेपाचच्या आधी मिळत नसत, कारण ती पेटी कानिफनाथ ड्रायव्हर जीपमधून नागापूरहून आणायचा. मधली फट एकच होती. चहा झाला, पिचकारी उकळून झाली की पाच वाजून दहा मिनिटं व्हायची. त्या वेळी तिने आठही जणांना औषध टोचलं. तक्त्यावर मात्र 'सहा' असं लिहिलं. कुणाचं काही बिघडलं नाही, असं तिला वाटलं.

२

बिघडलं काय होतं ते तिला दुसऱ्या दिवशी साडेपाचला समजलं. टिपकागदाच्या कोपऱ्यात 'आधी' असं लिहिताना तिचा हात थांबला. आधी कसलं? औषध तर वीस मिनिटांपूर्वी आत गेलेलं होतं. म्हणजे आधीची तपासणीही नंतरचीच झाली. काल झाली, आज झाली.

तिने 'आधी' असंच लिहिलं. म्हटलं, उद्या डॉक्टरांना सांगू.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्चीत बसून कागद पुन्हापुन्हा उलटत होते. मुंबईचा माणूस, चष्मा कपाळावर, बोलणं मऊ. "सिस्टर, आधीही तीन डाग, नंतरही तीनच. औषध काही करतच नाही असं दिसतं. का या लोकांचं रक्त मुळातच लवकर गोठतं? कोरडवाहू भागातली चिवट माणसं!"

ते स्वतःच्या विनोदावर हसले. केशर हसली नाही. बन्सीचा घोळणा फुटला की अर्धा अर्धा तास नाक वाहायचं, मडक्यातलं गार पाणी डोक्यावर ओतावं लागायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तीन डागांत थांबणारं रक्त त्याचं नव्हतं. ते औषधाचं होतं. औषध लागू पडत होतं, चांगलं सणसणीत लागू पडत होतं.

त्या वेळी बोलायला हवं होतं. पण बोललं की तपासणी पहिल्यापासून सुरू होणार, नाहीतर बंदच होणार. आठही जणांना आपापल्या गावी पाठवणार. बन्सीचा कारखाना जाणार, आणि खोटी वेळ लिहिली म्हणून हिची नोकरीही. तोंडाशी आलेलं तिने गिळलं आणि म्हटलं, उद्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी औषध दुप्पट केलं. सहाव्या दिवशी त्याच्या दुप्पट. मग कागद घेऊन ते दोन दिवसांसाठी मुंबईला गेले.

३

मधल्या पाचव्या दिवशी स्वयंपाकीण मालनबाई एक पातेलं दोन्ही हातांनी धरून केशरकडे आली. मालनबाई मोठ्या आवाजाची बाई. ती कुजबुजायला लागली की समजायचं, काहीतरी आहे.

"शिस्टर, ह्ये बगा जरा."

पातेल्यात दूध होतं. मालनबाईने पातेलं तिरकं केलं. दूध जागचं हललं नाही. तिने पातेलं पार उपडं केलं. दूध आतच राहिलं.

"दही लागलंय की गं."

"इरजान कुनी लावलं? मी न्हाई लावलं. सैपाकघरातलं दूध हाय तसं हाय. ह्ये कालच्याला त्यास्नी द्यायला हालातल्या फळीवर ठिवलेलं. तेवडंच आसं." मग आणखी खाली आवाज घेऊन ती म्हणाली, "बोट लावून बगा."

केशरने बोट लावलं, जिभेवर ठेवलं. आंबट नव्हतं. दूधच होतं, गोड, ताजं, आणि कोमट. काल दुपारी चुलीवरून उतरवलं तेव्हा असेल तेवढं कोमट.

"म्हशीचं दूध," केशर म्हणाली, "थंडीत घट्ट होतं." म्हणताना तिलाच ते फुसकं वाटलं. मालनबाईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पातेलं घेऊन गेली. ते दूध तिने ओतलं नाही, कारण ते ओतता येत नव्हतं. मागे लिंबाखाली खड्डा करून तिने पुरलं.

४

त्यानंतर केशर हॉलमध्ये लक्ष देऊन वावरू लागली. लक्ष दिलं नसतं तर कदाचित आणखी दोन दिवस काही कळलं नसतं, इतकं सगळं शांत होतं. माणसं तक्रार करत नव्हती. ताप नाही, सूज नाही, उलटी नाही. पहिल्या दिवशी पत्ते कुटत होती, तमाशातल्या गोष्टी सांगून एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती. आता खाटांवर बसून असत. बसलेली छान दिसत. जेवून उन्हाला बसलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तसं काहीतरी सुख त्यांच्या तोंडावर होतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती बन्सीची नाडी बघत होती. ठोका पडायचा आणि पुढचा पडेपर्यंत तिला उगाच वाटायचं, हा काही पडत नाही. पण पडायचा. मोजले तर साठ भरले. साठ म्हणजे उत्तम. तिने तक्त्यावर साठ लिहिलं.

"व्हय, आक्का," बन्सी म्हणाला.

"काय व्हय?"

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि तो गोड हसला. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. काल सकाळी, याच वेळेला, याच खाटेशी, तिने त्याला विचारलं होतं, "पोटभर जेवतोस ना रे?" त्याने उत्तर दिलं नव्हतं. झोपेत असेल म्हणून तीही विसरून गेली होती.

त्या दिवशी तिने मुद्दाम विचारलं, "बन्सी, आपल्या गाईचं नाव काय?" तो तिच्याकडे प्रेमाने बघत राहिला. सातव्या दिवशी सकाळी ती नुसती त्याच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली, काही न विचारता.

"कपिली," बन्सी म्हणाला.

तिने खडू आणला. दुपारी खिडकीतून उन्हाची पट्टी फरशीवर पडायची, ती सरकत सरकत समोरच्या भिंतीकडे जायची. पाच वाजून दहा मिनिटांनी, आठवी सुई टोचून झाल्यावर, पट्टीच्या कडेशी तिने खडूने रेघ मारली. बाहेर गेली. कानिफनाथकडून पेटी घेतली, त्याच्याशी दोन शब्द बोलली, हातपाय धुतले. व्हरांड्यातलं ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. आत आली. पट्टी खडूच्या रेघेवर होती.

घड्याळाचा लंबक हलत होता, टकटक ऐकू येत होती. काटे पाच-दहावर होते. किल्ली द्यायची राहिली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण किल्ली न दिलेल्या घड्याळाचा लंबक हलतो कसा, हे सांगायला ती थांबली नाही. एकामागून एक कान टोचले, डाग मोजले. लाभ, दोन. लाभ, दोन. आता तिसराही येत नव्हता. मग सातची तपासणी केली, कागद पेटीत ठेवले आणि ती बाहेर पडली.

बाहेर मिट्ट काळोख होता. केडगावच्या देवीची आरती कधीच होऊन गेली होती. मालनबाईने तुळशीपाशी लावलेला दिवा विझत आला होता. केशर पायरीवर बसली आणि तिला तेव्हा आठवलं की सातची तपासणी तिने दिवा न लावता केली होती. डाग नीट दिसले होते. बाजरीएवढे डागसुद्धा. उन्हात दिसतात तसे.

५

उद्या, उद्या करता करता नववा दिवस उजाडला. आठव्या दिवशीही तिने सुया दिल्या होत्या. का दिल्या? पुढे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. चार दिवसांत बारा भरतील, सगळे घरी जातील, ऊन पुन्हा सरकायला लागेल, असं काहीतरी ती मनाशी धरून होती. भित्रं माणूस आशेला फार घट्ट धरतं.

नवव्या दुपारी सूर्यभान खाटेच्या कडेला बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मांडीवर पत्त्यांची पानं होती, बोटांत ब्लेड. नखं काढताना अंगठ्याला लागलं होतं. थोडंथोडकं नव्हे, पेरापासून खाली चांगलं दोन बोटं फाटलं होतं. आत लाल दिसत होतं. बाहेर काही आलं नव्हतं.

"अगं बाई! कधी लागलं हे?"

ती पट्टी आणायला वळली. सूर्यभान बोलला. त्याचा प्रत्येक शब्द लांबून चालत आल्यासारखा येत होता. पण तो आजच बोलत होता, कालचं नव्हे. बहुतेक तो खूप आधीपासून हे बोलायला निघाला असावा.

"यील म्हनून बसलोय, बाई. रगत. निगालंय त्ये. मला कळतंय आतून, निगालंय. पर पोचंना."

"दुखतंय का?"

त्याला उत्तर नव्हतं, म्हणजे अजून आलं नव्हतं. तो आपलंच पुढे बोलत राहिला.

"तुमी म्हनल्या, सांजंच्या आदी देते. बरं क्येलं. सांजच न्हाई आता. लई दीस झालं, सांज न्हाई. दिवा लावल्याला दिसला न्हाई. आमी निजतो कवा, ठाव हाय का तुमास्नी?"

"कधी?"

"ऊन हाय की अजून," सूर्यभान म्हणाला आणि खिडकीकडे बघून हसला. त्याच्या हसण्याला दुःख नव्हतं, तेच तिला सोसलं नाही. तिने पट्टी बांधली. पट्टी कोरडी राहिली.

त्या दिवशी तिने पिचकारी उकळली आणि तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. पाच-दहाला कुणाला काही टोचलं नाही. व्हरांड्यात जाऊन ती पुणे रस्त्याकडे बघत उभी राहिली.

६

डॉक्टर त्या दिवशी लवकर आले, पावणेसहाच्या सुमाराला. जीपमधून उतरताना हसत होते, मुंबईला त्यांचं कौतुक झालं असावं. केशरने त्यांना पायरी चढू दिली नाही. तिथेच, कानिफनाथच्या देखत, सगळं सांगितलं. पहिल्या संध्याकाळपासून. पाच-दहा, साडेपाच, खोटे सहा. रतनकाकूंची सुईसुद्धा सांगितली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण आवाज अगदी कोरडा निघाला.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे 'आधी'चा एकही आकडा खरा नाही."

"नाही, साहेब."

"आणि त्या आकड्यांवर मी डोस चौपट केला." त्यांनी मोजलेली बोटं मिटली. "सांगितलं का नाही?"

"रोज उद्या सांगणार होते."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो स्वतःच्या चुकीसाठी कमी आणि आतल्या आठांसाठी जास्त, हे केशरला दिसलं. ते भराभर बोलू लागले. औषध बंद. आठही जणांना आत्ताच्या आत्ता जीपमधून मोठ्या दवाखान्यात हलवायचं. "पण तिथल्या डॉक्टरांना सांगायला मला एक तरी खरा आकडा पाहिजे. आज औषध दिलेलं नाही ना? मग एकाचा कान आत्ता बघा. भावापासून सुरू करा. तोवर बाकीच्यांना बाहेर बोलावतो."

त्यांनी दारातून हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही. ते उंबऱ्यावर आले. एक पाय आत टाकणार होते, तो तिथेच राहिला. आतलं ऊन त्यांच्या बुटाच्या टोकावर पडलं होतं. त्यांनी मागे वळून अंगणाकडे बघितलं. अंगणात ऊन नव्हतं. सूर्य बुडाला होता, लिंबावर चिमण्यांचा गलका चालला होता, आणि मालनबाई तुळशीपुढे वाकून काडी ओढत होती. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ कानाशी नेलं, हलवलं, पुन्हा कानाशी नेलं.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "तुम्ही जा. मी... मी इथे आहे."

केशरने पेटीतून सुई आणि टिपकागद घेतला. दिवेलागणीची वेळ, आणि हातात सुई. बावीस वर्षं तिने ही वेळ चुकवली होती. रीत पाळली होती, आणि त्या रीतीच्या पायी आठ माणसं तिथे बसली होती. आता रीत मोडायची म्हणून ती आत शिरली. दारापासून बन्सीची खाट सहा पावलांवर होती.

७

आत दिवेलागण नव्हतीच.

पश्चिमेच्या चारही खिडक्यांतून पिवळं ऊन तिरकं आलं होतं आणि पट्टी तिच्या खडूच्या रेघेवर होती. त्या उन्हात धुळीचे कण होते. ते तरंगत नव्हते, जिथल्या तिथे होते. तिने हात पुढे केला तेव्हा ते तिच्या बोटांना लागले, अगदी हलके, पिठासारखे. माठाच्या तोटीखाली पाणी होतं, पडत नव्हतं. आठ माणसं आठ खाटांवर बसली होती, समाधानाने.

तिने स्टूल ओढलं. "बन्सी," ती म्हणाली. त्याची मान आधीच कलती होती, रोजच्यासारखी, कान तिच्याकडे करून. केव्हापासून तो तसा बसला होता कोण जाणे. तिने पाळी बोटांत धरली, पुसली आणि सुई टोचली.

काही आलं नाही. तिने खाली वाकून बघितलं. मग पाळीच्या टोकाशी एक लाल ठिपका दिसला. तो मुगाएवढा झाला, हरभऱ्याएवढा झाला, खाली झुकला. आणि थांबला. सुकला नाही, पडला नाही. नुसता लोंबत राहिला, आणि त्याच्यात चारही खिडक्या बारीक दिसत होत्या.

आईजवळ ती अशीच बसली होती. सुईण राहीबाई फडकी मागत होती, ती देत होती, फडकी लाल होऊन परत येत होती. बारा वर्षांची केशर जे दिसेल त्याला हात जोडत होती: थांब. थांब गं. थांब की. ते थांबलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने जितक्या जखमा बांधल्या तितक्या वेळा मनात हाच शब्द म्हटला होता. एवढं मागितल्यावर कुणीतरी कधीतरी ऐकायचंच.

"ये," केशर म्हणाली. "ये रे राजा. पड. वाहा पायजे तेवढं. मी काही म्हनत न्हाई. तुला पुन्हा कधी थांब म्हननार न्हाई."

थेंब लोंबत होता.

मागे, फार लांब, डॉक्टर काहीतरी ओरडत होते. तिचं नाव असावं. त्याचा पहिला अर्धाच तिच्यापर्यंत आला. केडगावच्या देवळात आरतीची घंटा सुरू झाली. एक टोला पडला. तिने दुसऱ्याची वाट बघितली. दार सहा पावलांवर होतं, उघडं होतं, आणि उंबऱ्यापलीकडे निळसर अंधार आणि तुळशीपाशी मालनबाईच्या हातातली काडी दिसत होती, नुकती पेटलेली. तिला उठून जाता आलं असतं. निदान तसं तिला वाटलं. पण टिपकागद धरला तो धरला. थेंब पडायच्या वेळेला कुणी नको का तिथे?

"बन्सी," तिने विचारलं, "घरी जायचं ना, बाळा?"

बन्सी तिच्याकडे बघून हसला. विचारलेलं त्याला कळलं होतं. उत्तर तो देणारच होता, आजवर त्याने एकही उत्तर चुकवलं नव्हतं. ते उद्या सकाळी येणार होतं. उद्या यायचा तर आधी सांज व्हायला हवी होती.

केशरने टिपकागदाची कड हळूच थेंबाला लावली. थेंबाला, कातडीला नाही. कागदावर एक गोल लाल डाग उठला, चवलीएवढा.

"लाभ," ती म्हणाली, आणि दोनची वाट बघत बसली.